मालकाला बोलवा

सरांचा कीबोर्ड सरांबरोबरच हिंडायचा. खाकी पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला. दुसऱ्याच्या कीबोर्डला ते बोट लावत नसत. "दुसऱ्याच्या ताटात जेवत्यात का कुणी?" असं विचारायचे. त्या कीबोर्डच्या बाकी सगळ्या कळा मळकट, फक्त 'वाय'ची कळ पिवळीधमक. नवा माणूस हटकून विचारायचा, ही एकटीच अशी का? मग सर माझ्याकडे बघायचे. म्हणजे आता मी गोष्ट सांगायची आणि त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची.

गोष्ट अशी, की जुन्नरच्या एका सायबर कॅफेवाल्याच्या मशिनमधून खराब फायली काढायच्या होत्या. मशिननं शेवटी विचारलं, काढू का? हो असेल तर वाय दाबा. सरांनी हात मागं घेतले आणि म्हणाले, मालकाला बोलवा. मालक घरी हळदीला बसलेला. त्याच्या भावानं परोपरीनं सांगितलं, मी दाबतो, मी त्याचा सख्खा भाऊ आहे. सर म्हणाले, "सख्खा भाऊ हायेस म्हणून उद्या त्याच्या जागी बोहल्यावर उभा ऱ्हाशील का?" शेवटी नवरदेव ओल्या हळदीच्या अंगानं स्कूटरवर मागं बसून आला, कळ दाबली आणि गेला. सरांनी ती कळ कधीच पुसली नाही. पुसायची तर नवरदेवाला परत बोलवावं लागलं असतं, असं मी म्हणायचे आणि सर ते खरं धरायचे.

"ज्याचं जाणार, त्यानं हो म्हणावं." हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी मोडल्याचं मला आठवत नाही.

सर मूळचे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, हे कॉम्प्युटरला लागले. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्यांनी ज्यांनी सर्व्हर म्हणून मशिन घेतलं, त्यांतल्या निम्म्यांना ते सरांनीच घ्यायला लावलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांचं बिघडल्यावर सरांकडे आलं होतं. सगळ्यांवर लिनक्स ही सिस्टीम. का, तर "ते इचारल्याबिगर काय करत न्हाई." शाळेत जन्मभर शुद्ध बोलले, पण मशिनपुढं बसले की पार गावाकडचं बोलणं सुरू व्हायचं. शुद्ध भाषेत माणूस जास्त खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं. हे मत बहुतेक मुख्याध्यापकांच्या सहवासात बनलं असावं.

मशिनवर काही चूक दिसली की सर म्हणायचे, "पावणं आलं." पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग काय काम काढलंत ते. त्याप्रमाणे सर हात मांडीवर ठेवून आधी पाणी प्यायचे, मग चहा प्यायचे आणि मग पडद्यावरचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायचे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना वाटायचं, हा माणूस चहासाठीच चुका काढतो. चहा संस्थेचा असल्यामुळे त्यात थोडं तथ्य होतंच.

मी त्या संस्थेत ऑपरेटर होते. घोडेगावात एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्या. वनहक्काचा कायदा आला तशी संस्थेनं डोंगरातल्या वाड्यांवरच्या लोकांचे दावे करून द्यायला घेतले. बापजाद्यांपासून जमीन कसतायत, पण कागदावर ती जंगलाची. ती आपण कधीपासून कसतो हे दाखवायचं, आणि दाखवायला कागद नसला की वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याचा जबाब लागायचा. आमची पोरं कॅमेरा घेऊन भीमाशंकरपासून घाटघरपर्यंत हिंडली आणि म्हाताऱ्यांना बोलतं करून आली. ते सगळे जबाब सर्व्हरवर होते. मी वाडीवाडीनं ऐकून ते कागदावर उतरवायचे. दगडाला पाझर फुटेल असे जबाब असायचे, आणि मधेच कोंबडा आरवायचा.

त्या सर्व्हरमधल्या डिस्का सरांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या. नवीन डिस्क घ्या म्हटलं की म्हणायचे, "नव्या पोराचा काय भरवसा? एकदा नापास झालेलं पोर पुढं बरं निघतं." म्हणून त्यांनी डिस्कांना आपल्या नापास विद्यार्थ्यांची नावं दिली होती. मशिन चालवणारी डिस्क बाजीराव. जबाब ठेवलेली दगडू. आणि दगडूवर जे आहे त्याची नक्कल ठेवणारा, अर्थातच, पोपट. ही नावं मी मार्कर पेनानं त्यांच्या पाठीवर लिहिली होती. वापरातून गेलेल्या डिस्काही सर टाकून देत नसत. त्या कपाटात हजेरीपटावर असल्यासारख्या ओळीनं उभ्या असायच्या.

आता एक थोडं किचकट सांगते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डिस्कवर कुठून कुठवर काय ठेवलंय, याचा एक छोटा नकाशा डिस्कच्या सुरुवातीला असतो. तो गेला की सामान आहे तिथंच राहतं, पण मशिनला काही सापडत नाही. नव्या पद्धतीच्या नकाशाची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटीही असते. दगडूवर आधीच्या मालकाचा असा नवा नकाशा होता. सरांनी त्यांच्या सवयीनं सुरुवातीला जुन्या पद्धतीचा नकाशा काढला आणि काम सुरू केलं. शेवटचा मात्र तसाच राहिला. एकाच जमिनीचे दोन नकाशे, दोघांच्या बांधांचा मेळ नाही.

हे सरांना माहीत होतं. त्यांनीच मला दाखवलं होतं.

"मग पुसून टाका ना सर तो."

"मालकाला इचारलंय का तुमी?"

"मालक कुठून आणू? जुन्या बाजारातून घेतलीय तुम्ही."

"मग ऱ्हाऊ द्या. पडलंय कोपऱ्यात, आपलं काय खातंय?"

काही खात नव्हतं खरं. दोन वर्षं ते कोपऱ्यात निमूट पडून होतं.

सरांचा दुसरा नियम खंडेनवमीचा. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, तर डिस्कांनी काय घोडं मारलंय? मशिन बंद करून सगळ्या डिस्का खणांतून बाहेर काढायच्या, पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ. कपाटातल्या निवृत्त डिस्काही मांडायच्या, त्यांनी आयुष्यभर राबून काय पाप केलं? मी त्या दिवसांत रजेवर असायचे. विजयादशमीला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात मोठा कार्यक्रम, आदल्या दिवसापासून तयारी. सर स्वतःच म्हणायचे, "तुमचा दिवस मोठा हाय, तुमी जा." पूजा ते आणि आमचे शिपाई तात्या, दोघं मिळून उरकायचे.

त्या वर्षी सरांना मुलीच्या घरी नाशिकला जावं लागलं. पूजा एकट्या तात्यांवर आली. तात्या मनानं देवमाणूस. पाटावर मांडण्याआधी त्यांनी साऱ्या डिस्का राकेलच्या फडक्यानं पुसून लख्ख केल्या. माझ्या मार्करची सगळी नावं त्या फडक्यावर गेली. पूजा झाल्यावर दगडू कोण, पोपट कोण आणि बाजीराव कोण, हे सांगायला कुणी उरलं नाही. तात्यांनी ज्या बसल्या त्या खणांत बसवून दिल्या आणि नारळाचा प्रसाद वाटला.

दसऱ्यानंतर मी आले तर मशिन सुरूच होईना. आणि खुर्चीत जावईबापू बसलेले. जावईबापू म्हणजे अध्यक्षांचे जावई, पुण्यातले इंजिनिअर, दसऱ्याला सासुरवाडीला आले होते. सासऱ्यानं मदत मागितली, तेही हौसेनं बसले. जावई, आणि त्यातून इंजिनिअर, त्याला नको कोण म्हणणार? पोपट बाजीरावाच्या, म्हणजे मशिन चालवणाऱ्या डिस्कच्या खणात गेला होता. त्याच्यावर जावईबापूंनी नवी सिस्टीम चढवली, म्हणजे नक्कल गेली. मग ते दगडूकडे वळले. मशिननं विचारलं, या डिस्कवर नव्या पद्धतीच्या नकाशाच्याही खुणा दिसतात, तोच खरा धरू का? जावईबापू नव्या पिढीचे. नवं ते खरं, म्हणून हो म्हणाले आणि पुढं जाऊन तोच पक्का केला. कोपऱ्यात पडून राहिलेला आधीचा मालक एका क्षणात घराचा धनी झाला.

डिस्कवर तीन भाग दिसायला लागले. एकही उघडेना.

"डेटा आधीच करप्ट झालेला असणार," जावईबापू म्हणाले. "असं होतं कधी कधी."

असं होतं, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं घाटघरच्या अंगाची हिराबाई आली. नवरा आधीच वारलेला. दावा तिच्या नावाचा आणि जबाब तिच्या सासऱ्यांचा. तो उतरवून काढायची पाळी दसऱ्यानंतरच होती. म्हातारा श्रावणात गेला. त्या वाडीत त्याच्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि सुनावणी आली होती चार दिवसांवर. बाकीच्यांचे जबाब कागदावर उतरलेले होते किंवा पुन्हा घेता आले असते. हिराबाईचा घेता येणार नव्हता. तो गेला तर तिची भाताची खाचरं गेली, इतकं ते सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. अंगणातल्या नळाला हात लावून आत आले, कारण अंगातली वीज नळाला देऊन मगच ते मशिन उघडायचे. खाकी पिशवी सोडली, आपला कीबोर्ड जोडला, मशिनकडे बघत बसले. तात्यांनी भीत भीत पाणी आणलं. सर तात्यांना काही बोलले नाहीत.

"पूजा कुणी लावून दिली? म्या," एवढंच म्हणाले. "आणि मागचा नकाशा कुणी ऱ्हाऊ दिला? म्याच."

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं, की सामान बहुतेक जागेवर असावं. डिस्कवर आपला भाग कुठून सुरू होतो ते त्यांना पाठ होतं. पुढचा आणि मागचा, दोन्ही ठिकाणचा आधीच्या मालकाचा नकाशा पुसायचा आणि आपला पुन्हा काढायचा.

"मग काढा की," अध्यक्ष म्हणाले.

"हिराबाईला बोलवा."

अध्यक्षांचा पारा चढला. "अहो, कळ दाबायला घाटघरची बाई? भाताची कापणी चाललीय तिकडं. तुमी दाबा, मी दाबतो, न्हाईतर हा तात्या दाबंल. कुणाचंही बोट चालतंय मशिनला."

"मशिनला चालतंय," सर म्हणाले. "मला न्हाई चालत."

"सर, हे सिंपल आहे," जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही फक्त एंटर मारा."

सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जावईबापू उठून सासूबाईंना काय हवं नको बघायला गेले. खरं सांगते, मलाही सरांचा राग आला होता. सुनावणी तोंडावर आणि या माणसाला मानपान सुचतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "बाई, तिचं आधीच लई लोकांनी तिला न इचारता पुसलंय."

मी उठून स्टँडवर गेले. घाटघरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला आणि आम्ही वाट बघत बसलो.

हिराबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दोन गाड्या बदलून, कमरेला विळा तसाच. कापणीतून थेट उठून आली होती. सरांनी तिला खुर्चीत बसायला सांगितलं. ती बसेना, तेव्हा स्वतः उभे राहिले, मग ती टेकली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. म्हातारबाबांचं बोलणं या डबीत ठेवलं होतं. आधी ही डबी दुसऱ्याची होती, त्याच्या बांधाच्या खुणा मी काढल्या नव्हत्या. आता मशिनला त्याचाच बांध दिसतोय, बाबांचं बोलणं दिसत नाही. त्याच्या खुणा पुसायच्या म्हणतो.

हिराबाईनं पदराच्या टोकानं घाम पुसला. "पुसल्यावर मामंजींचं घावंल का?"

इतक्या वर्षांत मी सरांना लाख प्रश्न विचारले असतील. माहीत नाही, असं उत्तर त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. माहीत नसेल तर चहा मागवायचे.

"माहीत न्हाई," सर म्हणाले. "घावंल असं वाटतं. पर माहीत न्हाई. जावईबापूंनी अजून काय काय लिवलं आसंल तर जाईल."

हिराबाईनं त्या मशिनकडे बघितलं.

"मग पुसा, गुरुजी. तसंबी ते गेलेलंच हायेत. आता नवं काय जायाचं?"

"तुमी दाबायची. ती पिवळी."

तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. "हळद हाय का ती?"

सरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. जन्मात न पुसलेली ती कळ पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी त्यांचा हात धरला. हे असलं काही माझ्यासमोर चालत नाही, तेव्हाही चालत नव्हतं.

"राहू द्या सर. हळद आहे, विस्तव नाही. दाबा हिराबाई, काही होत नाही."

तिनं दाबली. सरांनी पुण्याच्या दिशेला हात जोडले. तो न भेटलेल्या आधीच्या मालकाला नमस्कार होता. मग आपला नकाशा नव्यानं लिहिला, मशिन बंद केलं, चालू केलं, आणि दगडूवर बोटभर फायलींची यादी उतरली. मी घाटघरची फाईल शोधली आणि लावली.

आधी कोंबडा आरवला. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, "झालं का चालू ते? बोलू का?"

हिराबाई खुर्चीतून उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भिंतीला लागून उभी राहिली. सासऱ्यापुढं बसायचं नसतं. आवाज सांगत होता, "वरली खाचरं माझ्या बापानं काढली. दगड त्यानं उचलले, म्या ल्हान व्हतो, पाणी न्यायचो. आता म्या थकलो. बांध समदा सुनेनं घातलाय. तिला इचारा, दगड न् दगड सांगंल." सरही उभे राहिले, तात्याही. अध्यक्ष दारातच उभे होते. मी एकटीच बसून राहिले, कारण मला ते उतरवून घ्यायचं होतं आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

सुनावणीला मी उतरवलेला तो कागद लागला. आवाज कुणी ऐकायला मागितला नाही.

मधल्या काळात सरांनी खंडेनवमीचा नियम बदलला. डिस्का बाहेर काढायच्या नाहीत, नारळ खोक्यासमोर फोडायचा. खणांना कुलूप बसलं आणि किल्ली सरांच्या पैरणीच्या आतल्या खिशात गेली. नावं मी खिळ्यानं कोरली. पुढच्या दसऱ्याला मी विहारातून येता येता ऑफिसात डोकावले, पांढऱ्या साडीतच, सर एकटेच असणार म्हणून. बघते तर हिराबाई दारात. हातात आपट्याची पानं, झेंडूचं फूल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद.

तिनं सरांना सोनं दिलं, मला दिलं. मग म्हणाली, "गुरुजी, ती डबी जरा काढता का? मामंजींवर फूल ठेवायचंय."

"आता काढत न्हाई आमी," सर एकदम शुद्धीवर आल्यासारखे म्हणाले. "बंद केलंय ते. फूल खोक्यावर ठेवा."

"खोक्यावर नगं. त्यांच्यावर ठेवायचंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. वाचवा, अशी ती नजर होती. मी त्यांना वाचवलं नाही.

"सर," मी म्हटलं, "मालक आलाय. हो म्हणतोय."

सरांनी हातातली आपट्याची पानं टेबलावर ठेवली. मग अंगणात जाऊन नळाला हात लावून आले. मशिन नीट बंद केलं, पैरणीतून किल्ली काढली, आणि दगडूला दोन्ही हातांनी बाहेर काढून पाटावर ठेवलं. तान्ह्या मुलाला ठेवतात तसं.

हिराबाईनं पदर डोक्यावर घेतला. फूल ठेवलं. पिशवीतून तो कागद काढला आणि डिस्कच्या पुढं उलगडून धरला, म्हाताऱ्या माणसाला दिसावा म्हणून थोडा खाली.

"मामंजी, कागद आला," ती म्हणाली. "वरलं एक खाचर न्हाई दिलं त्यांनी. बाकी समदं आलं."